रक्तातून एड्स, कावीळ होऊ नये म्हणून भावाचंच रक्त द्यावं का?

वडिलांच्या खुब्याच्या ऑपरेशनला दोन पिशव्या लागतील आणि अनोळखी माणसाच्या रक्तापेक्षा तुमच्या धाकट्या भावाचं बरं, असं तुम्ही म्हणताय. मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे. माझं उत्तर: त्यासाठी भावाला उभं करू नका.

रक्त काढतानाच छोट्या नळ्यांमध्ये नमुने घेतले जातात. त्यांचे रिपोर्ट येईपर्यंत पिशवी वेगळ्या फ्रीजमध्ये पडून असते, तिला कुणी हात लावत नाही. एचआयव्ही, कावीळ ब (हिपॅटायटिस बी), कावीळ क (हिपॅटायटिस सी), सिफिलिस आणि मलेरिया या पाच तपासण्या सक्तीच्या आहेत. एक जरी रिॲक्टिव्ह (म्हणजे लागणीचा संशय दाखवणारी) आली तरी पिशवी बाद, मग दाता कोणाचा का सगा असेना.

मेख आहे ती विंडो पिरियडमध्ये. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस विषाणू रक्तात असतो, पण तपासणीत सापडत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत फक्त अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं) शोधणाऱ्या एलायझा या तपासणीत हा काळ साधारण 3 आठवड्यांचा, अँटिबॉडीबरोबर विषाणूचा अंशही शोधणाऱ्या चौथ्या पिढीच्या किटमध्ये त्याहून थोडा कमी. नॅट ही तपासणी विषाणूचं जनुकीय द्रव्यच शोधते, त्यामुळे तो 10-11 दिवसांवर येतो. कावीळ क मध्ये फरक आणखी मोठा: अँटिबॉडी दिसायला दोन महिनेही लागतात, नॅटला आठवडाभर. नॅट देशभर सक्तीची नाही, म्हणून तुमच्या रक्तपेढीत होते का ते बिनधास्त विचारा. थोडे जास्त पैसे पडतील. पण शून्यावर धोका तीही आणत नाही.

म्हणून किटच्या आधीची चाळणी मला जास्त महत्त्वाची वाटते: दात्याचा फॉर्म. नुकताच टॅटू काढलाय का, कावीळ झाली होती का, असुरक्षित संबंध आलेत का. पैशासाठी रक्त देणारा इथे खरं बोलेल कशाला? सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून धंदेवाईक रक्तदान बंद झालं, ते याचसाठी. आता तुमच्या भावाचा विचार करा. बाहेर आई, काका, मेहुणे बसलेत, आणि आतल्या प्रश्नाला 'हो' म्हटलं तर रक्त न देता बाहेर यायचं. काय सांगणार सगळ्यांना? शिबिरात स्वतःहून आलेल्या माणसावर हे दडपण नसतं. शिवाय सख्ख्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटण्याचा धोका असतो. क्वचित घडतं, पण जिवावर बेततं. त्यासाठी पिशवीला किरणोत्सर्ग द्यावा लागतो, आणि ती सोय सगळीकडे नसते.

(काही जण फुकटात एचआयव्ही तपासून मिळेल म्हणून रक्तदानाला येतात. कृपा करून नका येऊ. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात ती तपासणी मोफत आणि गुप्त होते.)

तुमच्या हातात असलेली गोष्ट वेगळीच आहे. दोन पिशव्या म्हणजे दोन वेगळे दाते. ऑपरेशनला वेळ असेल तर वडिलांचं हिमोग्लोबिन आजच करून घ्या. लोह कमी निघालं तर डॉक्टर ते गोळ्यांनी किंवा सलाईनमधून भरून काढतील, आणि कदाचित एकाच पिशवीत भागेल, कदाचित तीही लागणार नाही. रक्त चढवण्याआधी पिशवीवरचा गट, मुदत आणि तपासण्यांची नोंद नर्सबरोबर वाचून बघा. भावाला रक्तदान करायचंच असेल तर एखाद्या शिबिरात करू दे, आणि तो फॉर्म भरत असताना घरच्या कुणी शेजारी उभं राहू नका.