वळचणीची कपबशी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

‘आमच्या पिढीत जात राहिलीच कुठे?’ असं तू विचारलंस. तुझ्या मनात ती नाही, हे मला ठाऊक आहे. तरी एकदा घरातल्या भांड्यांकडे बघ.

आमच्या कोकणातल्या घरी वळचणीला एक कान तुटलेली कपबशी खोचलेली असायची. भात झोडायला येणाऱ्या गड्यासाठी. तो स्वतःच ती काढायचा, विसळायचा, पुढे धरायचा. आजी वरून चहा ओतायची, किटली कपाला लागणार नाही अशा बेताने. आजी फार मायाळू होती गं. त्याच्या पोराला ताप आला तर काढा करून आजीच द्यायची. तोही वरूनच. मी रोज बघत होतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आज आठवलं की मान खाली जाते.

नुसत्या ठरावाने हे जात नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. पुढे महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं. पण कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा कुठे तो ठराव खरा झाला. त्यापायी माणसांनी डोकी फोडून घेतली. नंतर शेण-गोमूत्र घातलेल्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. गुरं त्यात पाणी पीत, त्याचा विटाळ कधी झाला नव्हता! तळ्याचा वाद कोर्टात गेला आणि पाण्याचा हक्क मान्य करणारा उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

कायदा हवाच, आरक्षणही हवं; त्यावर तुझ्याशी वाद घालायला मी कधीही तयार आहे. पण खोली भाड्याने देताना विचारलेलं ‘आडनाव काय?’ किंवा स्थळ बघताना दबक्या आवाजात म्हटलेलं ‘आपल्यातलंच आहे ना?’ तिथे कायदा पोचत नाही. तिथे तू असतेस.

दिवाळीत घरी गेलीस की कामाला येणाऱ्या मावशींना चहा कशात देतात ते बघ. कप वेगळा असेल तर आईशी भांडत बसू नकोस. आपल्या रोजच्या कपात त्यांना चहा दे, शेजारी बसून तूही घे. मग घरात कोण काय बोललं, ते मला सविस्तर कळव.

तुझा,
सर