जहाजं बघायचा छंद लावून घ्यायचाय. मोबाईलवरच्या जहाजांच्या नकाशापासून सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की रविवारी मांडव्याहून रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या फेरीबोटीने) भाऊच्या धक्क्याला येताना एक अवाढव्य जहाज जवळून गेलं. त्याचं बूड लालभडक दिसत होतं आणि नाव वाचेपर्यंत ते लांब गेलं. घरी येऊन मरीनट्रॅफिक हा जहाजांचा नकाशा उघडलात, तर मुंबईभोवती नुसते रंगीत ठिपके, आणि त्यातलं आपलं कोणतं ते कळेना.

माझं म्हणणं, सगळा नकाशा शिकत बसू नका. त्या एका जहाजाच्या मागे लागा.

ते लाल बूड ही मोठी खूण आहे. पाण्याखालच्या भागाला शेवाळ, शिंपले चिकटू नयेत म्हणून वेगळा रंग देतात आणि तो बहुतेक वेळा तांबडाच असतो. माल भरलेला असला की हा पट्टा पाण्यात बुडालेला असतो. तुम्हाला तो एवढा दिसला म्हणजे जहाज बहुधा रिकामं होतं. आता आठवून बघा, वर काय होतं? सपाट डेकवर नुसत्या नळ्या आणि मधोमध छोटी क्रेन असेल तर तो टँकर. जवाहर द्वीपावर, म्हणजे मुंबई बंदरातल्या तेलाच्या बेटावर, तेल उतरवून निघाला असेल. मोठमोठी झाकणं असतील तर कोळसा, खत, धान्य असा सुटा माल नेणारं जहाज. नकाशावर टँकर लाल आणि मालवाहू जहाजं हिरवी दिसतात. चालत्या जहाजाला बाणासारखं टोक असतं, थांबलेलं गोल ठिपक्यासारखं दिसतं. रंग आणि वेळ जुळवली की वीस-पंचवीस ठिपक्यांतले दोन-तीनच उरतात. मात्र हे काम त्याच दिवशी करा, कारण जहाजाचा मागचा प्रवास फुकटात फार दिवसांचा बघता येत नाही.

हे ठिपके येतात कुठून, ते एकदा समजून घ्या. जहाजावर एआयएस नावाचं यंत्र असतं. परदेशी जाणाऱ्या 300 ग्रॉस टनेज (हे वजन नव्हे, जहाजाच्या आकारमानाचं माप) आणि त्यावरच्या जहाजांना आणि सगळ्या प्रवासी जहाजांना ते सक्तीचं आहे. चालतं जहाज दर 2 ते 10 सेकंदांनी आपली जागा व्हीएचएफ रेडिओवरून सांगत असतं, नांगरावर असलं की दर 3 मिनिटांनी. मुळात हे दोन जहाजांची टक्कर होऊ नये म्हणून आहे. किनाऱ्यावर कुणीतरी अँटेना लावून तेच संदेश पकडतो आणि वेबसाइटला पुरवतो. म्हणजे जवळपास अँटेना नसेल तर जहाज डोळ्यांसमोर असूनही नकाशावर दिसणार नाही. कोळ्यांच्या बऱ्याच होड्या दिसत नाहीत त्या यंत्र नसल्यामुळे, आणि नौदलाची जहाजं सहसा आपला ठावठिकाणा सांगत नाहीत.

ठिपक्यावर बोट ठेवलंत की जी माहिती उघडते ती दोन प्रकारची असते, आणि नवशिक्याची फसगत नेमकी इथे होते. जागा, वेग, दिशा हे यंत्र आपोआप भरतं. कुठे चाललो, कधी पोचणार, जहाज किती बुडालंय, नांगरावर आहे की चालतंय, हे जहाजावरचा अधिकारी हाताने भरतो. माणूसच तो, विसरतो. 14 नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे 1.85 किलोमीटर) धावणारं जहाज स्वतःला ‘नांगरावर’ म्हणवताना मी कितीदा पाहिलंय. बंदराच्या जागी बहुधा पाच अक्षरी कोड असतो. ‘आयएनएनएसए’ म्हणजे आपलं न्हावा शेवा, ‘आयएनबीओएम’ म्हणजे मुंबई. पोचण्याची वेळ ग्रीनिचची भरतात, तीत साडेपाच तास मिळवायचे.

आणखी एक सवय लावून घ्या. जागेच्या शेजारी ती किती मिनिटांपूर्वीची आहे ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचायचं. 12 नॉटने जाणारं जहाज पाच मिनिटांत एक सागरी मैल कापतं. माहिती दहा मिनिटं शिळी असेल तर जहाज तिथून साडेतीन किलोमीटरपेक्षा जास्त पुढे गेलेलं असतं, आणि आपण रिकाम्या पाण्याकडे दुर्बीण रोखून उभे! यंत्राने भरलेली जागासुद्धा कधी चुकते. जून 2025 मध्ये होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आसपास जीपीएसमध्ये इतका व्यत्यय येत होता की बरीच जहाजं नकाशावर चक्क जमिनीवर दिसत होती.

माझं सगळ्यात आवडतं दृश्य मात्र नांगरावरच्या जहाजांचं आहे. उधाणाच्या दिवशी मुंबई बंदराचा नकाशा सकाळी बघा आणि सहा तासांनी परत बघा. जहाज नांगर टाकून प्रवाहाकडे तोंड करून उभं राहतं. भरतीचं पाणी आत येत असताना सगळ्यांची तोंडं समुद्राकडे असतात, ओहोटी लागली की एकेक करून सगळी जमिनीकडे वळतात. वारा जोराचा असला तर थोडी वाकडी राहतात. गेटवेवर उभं राहून हेच डोळ्यांनी दिसतं, पण आधी नकाशावर दिशेचे आकडे बघितले असले की काय चाललंय ते कळतं.

आता नावाचं सांगतो. नावावर जाऊ नका. जहाज विकलं की नाव बदलतं, झेंडा बदलतो. एमएमएसआय हा जो जहाजाच्या रेडिओचा 9 अंकी ओळख नंबर दिसतो त्याचे पहिले तीन अंक झेंड्याच्या देशाचे असतात, भारताचे 419, लायबेरियाचे 636; म्हणून झेंडा बदलला की तोही बदलतो. जन्मापासून भंगारापर्यंत टिकतो तो 7 अंकी आयएमओ नंबर. बऱ्याच जहाजांच्या मागच्या बाजूला नाव आणि बंदराच्या खाली तो रंगवलेला असतो. दुर्बिणीतून एखादा अंक धड वाचता आला नाही तर ताडून बघायची सोय आहे. समजा 9074729 वाचलात. पहिल्या सहा अंकांना ओळीने 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणा आणि बेरीज करा. 63, 0, 35, 16, 21, 4 मिळून 139 होतात. शेवटचा अंक 9, आणि नंबराचा शेवटचा अंकही 9. जुळलं, म्हणजे बहुधा बरोबर वाचलंत.

जवळून जाताना नावाच्या अक्षरांकडे नीट बघा. अक्षरं नुसती रंगवलेली नसतात, पत्र्यावर वेल्डिंगची कड उमटवून मग रंग भरतात. नाव बदललं की वर रंग फासला जातो, पण ती कड पुष्कळदा तशीच राहते. सकाळचं ऊन तिरपं पडलं की नव्या नावाच्या मागून जुन्याची अक्षरं वर येतात. असं जुनं नाव मला पहिल्यांदा वाचता आलं तेव्हा लाँचवरून उतरायचं सुचेना!

दुर्बीण 7×50 घ्या, म्हणजे 7 पट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगाची. 10 पटीची हलत्या लाँचवर स्थिर राहत नाही. बघायला घारापुरीची लाँच उत्तम, वाटेत जवाहर द्वीपाचे टँकर दिसतात आणि पलीकडे न्हावा शेव्याच्या क्रेन. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असते, तेव्हा रो-रो. किनाऱ्यावर उभं राहिलं तर आपलं क्षितिज जेमतेम 5 किलोमीटरवर असतं, त्यापलीकडच्या जहाजाचा वरचा भागच दिसतो. म्हणून उंच जागा शोधा. आणि हे कळकळीने सांगतो, नौदलाच्या गोदीकडे, युद्धनौकांकडे कॅमेरा वळवू नका. बंदराच्या आतले, सुरक्षेचे फोटो काढू नका, काढलेच तर कुठे टाकू नका. कायदा कडक आहे आणि तो असायलाही हवा.

वहीत मात्र पहिल्या दिवसापासून आयएमओ नंबर लिहा. माझ्या वहीत एक जुनं सुट्या मालाचं जहाज होतं, सात-आठ वेळा मुंबईबाहेर नांगरावर पाहिलेलं. एकदा नाव टाकून शोधलं तर सापडेना. नंबर टाकल्यावर सापडलं. नावातली पुढची दोन अक्षरं पुसलेली, झेंडा कोमोरोसचा, आणि जायचं ठिकाण अलंग. गुजरातमधल्या त्या किनाऱ्यावर जहाजं तोडतात. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला जहाज पूर्ण वेगात सरळ वाळूवर चढवतात. त्या पौर्णिमेला मी फोन हातात धरून बसलो होतो. वेग 11 नॉट, तोंड किनाऱ्याकडे. पुढच्या वेळी पान ताजं केलं तेव्हा वेग शून्य होता. दुसऱ्या दिवशी संदेश यायचे थांबले. वहीत त्या नंबरासमोर मी तारीख लिहिली.

तुमच्या लाल बुडाच्या जहाजाचा नंबर मिळाला तर इथे खाली लिहा. ते आता कुठे आहे, आपण बघू.