जुन्या ॲम्बेसेडरला मागे एअर सस्पेन्शन: पाटे (लीफ स्प्रिंग) ठेवू की काढू?
पाटे ठेवा, जोडीला एअर बॅग (हवेचे रबरी फुगे) लावा. हवा सोडून गाडी पार जमिनीला टेकवता येणार नाही, पण जळगाव-भुसावळ रोज निवांत होईल. पाटे नुसतं वजन पेलत नाहीत, मागचा ॲक्सल जागेवर धरतात तेही तेच. ते काढले की ॲक्सल धरायला फोर-लिंक (चार दांड्यांची जोडणी) आलं, आणि त्यातल्या दांड्या तिरप्या, त्रिकोणात नसतील तर ॲक्सल बाजूला सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉडही (आडवी दांडी). त्यात या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. नुसत्या पत्र्यावर ब्रॅकेट वेल्ड केलं तर पत्रा फाटेल, जाड प्लेट घालाच. दोन्ही बॅगांना हवेची लाइन वेगळी द्या, नाहीतर वळणावर एकीकडची हवा दुसरीकडे पळते नि गाडी कलते. हवा पूर्ण सोडून टायर कुठे घासतो ते बघा. आपल्याकडचा मे महिना माहीतच आहे, कॉम्प्रेसर सायलेन्सरपासून लांब बसवा. कापाकापीआधी आरटीओत विचारून घ्या.