सिकलसेल आहे हे हॉस्टेलमध्ये सांगू का?

पत्र थोडक्यात असं: गडचिरोलीकडची मुलगी, नागपुरात बीएस्सी सेकंड इयर, सिकलसेल एसएस, म्हणजे आईवडील दोघांकडून आलेला, लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा रक्ताचा आजार. डिसेंबरात क्रायसिस, म्हणजे अंग असह्य दुखण्याचा झटका, आला, अटेंडन्स 75 टक्क्यांच्या खाली गेली, सर म्हणतात एरवी तर ठणठणीत दिसतेस, रूममेटला वाटतं नाटक करते. विचारतेय, ड्रॉप घेऊन घरी जाऊ का?

अगं, ड्रॉपचं राहू दे सध्या. घरी गेलीस म्हणून लाल पेशींचा आकार बदलणार नाहीये, उलट नागपुरात मोठं सरकारी हॉस्पिटल तरी जवळ आहे. मला खरी गडबड वेगळीच दिसते, तू हे सगळ्यांपासून लपवतेस आणि मग दुखायला लागल्यावर, रडत रडत, लोकांना पहिल्यांदा सांगायला जातेस, तेव्हा कोण विश्वास ठेवणार? बरी असतानाच सांग. अख्ख्या वर्गाला नको, उगाच लग्न जुळवायला आल्यासारखे प्रश्न विचारत बसतात. रूममेट, वॉर्डन आणि एचओडी (विभागप्रमुख), बास. रूममेटला एवढंच पाठ करायला लाव की 101 च्या वर ताप, छातीत दुखणं किंवा दम लागणं यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटल.

एचओडींना तोंडी नको, अर्ज दे आणि सोबत डॉक्टरांचं पत्र जोड. 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत सिकलसेल आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करून ठेव. सर्टिफिकेटवर दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त आलं तर बऱ्याच सवलतींचा रस्ता उघडतो. कार्ड हातात यायला वेळ लागतो म्हणून आत्ताच कर, परीक्षेच्या तोंडावर नाही.

मळमळतं म्हणून हायड्रॉक्सीयुरिया, क्रायसिस कमी करणारं औषध, मधेमधे सोडतेस हे वाचून मात्र मला राग आला, खरंच. त्याचा गुण दिसायला महिने लागतात बाई, असं तोडत घेतलंस तर कळणार कसं? रात्री झोपताना घेतलं तर चालेल का ते डॉक्टरांना विचार, रक्त तपासायला जाशील तेव्हाच. आणि पाणी! कॉलेजचं बाथरूम घाण म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, मला माहितीये सगळं, पण तुझ्यासाठी तेच क्रायसिसला आमंत्रण आहे. बाटली बॅगेत ठेव, एकदा नाक दाबून जाऊन ये.

पिकनिकला जा की, विचारतेस काय! स्वेटर घे, धबधब्याच्या गार पाण्यात मात्र उतरू नकोस, मैत्रिणींनी कितीही ओढलं तरी.