बंधारे भरतात, तरी मार्चमध्ये टँकर का लागतो?

तुमचा प्रश्न असा: गावात बंधारे झाले, नाला खोल केला, पावसाळ्यात सगळं तुडुंब भरतं, तरी मार्चला टँकर येतोच, आता आणखी कोणतं काम घ्यावं? मी सांगेन, यंदा एकही नवं काम घेऊ नका. आधी हिशेब मांडा.

एका हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. शिवार १,००० हेक्टर आणि पाऊस ५०० मिमी धरला तर ५०० कोटी लिटर झालं. गावात २,००० माणसं असतील, तर माणशी रोज ५५ लिटरप्रमाणे वर्षाला साधारण ४ कोटी लिटर लागतं. पडलेल्या पाण्याचा शंभरावा हिस्सासुद्धा नाही! बरंच पाणी वाहून जातं, उडून जातं, आपल्या कातळात मुरतंही कमीच, हे खरं. पण पिण्यापुरतं उरायलाच हवं. एक हेक्टर ऊस वर्षाला २ कोटी लिटरच्या आसपास पाणी घेतो. म्हणजे दोन हेक्टर उसात सगळ्या गावाचं वर्षाचं पाणी.

त्यात प्लास्टिकचा कागद टाकलेली शेततळी. पावसाचं पाणी साठवायला घेतलेली ही तळी कित्येक ठिकाणी विहीर-बोअर उपसून भरतात. जमिनीखालचं, सगळ्यांच्या वाट्याचं पाणी एकाच्या तळ्यात जातं आणि उन्हाने उडतं. मला याचा फार त्रास होतो.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाला पाऊस ४०० मिमीच्या आसपासच. तिथे माथा ते पायथा, म्हणजे डोंगरमाथ्यापासून खालपर्यंत, पाणी अडवायची कामं झालीच, पण शेतीसाठी बोअर नाही आणि ऊस नाही, हे गावाने ठरवलं. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीची पिकं ठरतात. त्याच्या कितीतरी आधी, १९७२च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर मिळायचं: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरतं. भूमिहीनालाही वाटा होता. यापेक्षा न्याय्य वाटप मी दुसरं पाहिलेलं नाही.

तुम्ही एवढं करा. शिवाराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाच्या काही विहिरी निवडा. टेपला वजन बांधून काठापासून पाणी किती खोल आहे ते ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे असं मोजा आणि आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. शाळेत पर्जन्यमापक बसवा. हिशेब अडला तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जा. रब्बीची पेर व्हायच्या आत ग्रामसभा घ्या. माणसांचं आणि गुरांचं पाणी आधी बाजूला काढा, उरेल त्यावर पिकं ठरवा. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हा नियम १९९३च्या कायद्यापासून आहे. तो सभेत वाचून दाखवा.

आणि ज्यांच्या मोटारी सगळ्यात मोठ्या आहेत, त्यांच्या घरी सभेआधीच जाऊन हे आकडे दाखवा. चारचौघांत पहिल्यांदा ऐकवलेत तर ते विरोधालाच उभे राहतील.