वाचकांचे प्रश्न : पेसो आणि रेआल यांचे जुने दर

प्रश्न : अर्जेंटिनाचा पेसो आणि ब्राझीलचा रेआल यांच्या दराचा १९७० पासूनचा आलेख प्रकल्पासाठी काढते आहे. एका तक्त्यात १९९१ संपून १९९२ लागताच आकडा दहा हजार पटींनी खाली येतो, दुसऱ्यात तसं काहीच दिसत नाही. कोणता धरू?
– अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : दुसरा. पहिल्या तक्त्यात त्या त्या दिवशीच्या नोटांचा दर आहे. १ जानेवारी १९९२ ला अर्जेंटिनात १०,००० ऑस्ट्रालचा (तिथलं तोवरचं चलन) १ पेसो झाला. त्या दिवशी कुणाचा पैसा वाढला नाही की घटला नाही, फक्त चार शून्यं गेली. आलेखात ती उडी ठेवली तर वाचणाऱ्याला पेसो एकदम वधारल्यासारखा दिसेल, आणि तसं झालं नव्हतं.

म्हणून आधी सगळं आजच्या एककात आणा. अर्जेंटिनात १ जानेवारी १९७० ला जुन्या १०० पेसोंचा १ झाला, १ जून १९८३ ला त्यातल्या १०,००० चा १, १५ जून १९८५ ला १,००० चा १ ऑस्ट्राल, आणि मग वरचा बदल. म्हणजे आजचा १ पेसो हा १९७० ते ८३ मधल्या पेसोंचे दहा हजार कोटी.

ब्राझीलची साखळी जास्त फसवी आहे. २८ फेब्रुवारी १९८६ ला १,००० क्रुझेरोंचा १ क्रुझादो, जानेवारी १९८९ मध्ये १,००० क्रुझादोंचा १ नवा क्रुझादो. मार्च १९९० मध्ये नाव परत क्रुझेरो झालं, पण शून्य एकही गेलं नाही. १ ऑगस्ट १९९३ ला १,००० चा १ क्रुझेरो रेआल. शेवटी १ जुलै १९९४ ला रेआल आला तो १,००० ने नव्हे, २,७५० ने भागून. त्याआधी काही महिने किमती डॉलरच्या जवळपास राहणाऱ्या एका हिशेबी एककात मांडल्या जात होत्या, आणि बदलाच्या दिवशी ते एकक २,७५० क्रुझेरो रेआलचं होतं. या पायरीवर चूक होणं सोपं आहे. आजचा १ रेआल म्हणजे १९७० ते ८६ मधले पावणेतीन लाख कोटी क्रुझेरो.

यानंतर दोन्ही चलनांच्या डॉलर दरांचा भागाकार : एका डॉलरचे पेसो भागिले एका डॉलरचे रेआल. उत्तर येतं एका रेआलचे पेसो. अर्जेंटिनात १९७० साली डॉलर सुमारे ४ पेसोंना होता. आजच्या पेसोत तो आकडा दशांश चिन्हानंतर दहा शून्यं आणि मग ४ असा होतो. एक्सेलच्या रकान्यात दोनच दशांश स्थळं ठेवलीत तर तिथे ०.०० दिसेल, म्हणून 'सायंटिफिक' फॉरमॅट लावा. आलेखाचा उभा अक्ष लॉग मापाचा घ्या, नाहीतर अलीकडची काही वर्षं सोडून सगळी रेघ तळाशी चिकटेल.

एप्रिल १९९१ ते डिसेंबर २००१ हा टप्पा सोपा. पेसो कायद्याने डॉलरला बांधलेला होता (आजच्या एककात १ डॉलरला १ पेसो), म्हणून ब्राझीलचा डॉलर दर हाच पेसोचाही दर. जानेवारी १९९९ मध्ये ब्राझीलने रेआल मोकळा सोडला आणि १.२१ चा डॉलर महिनाअखेर १.९८ च्या आसपास गेला. २००१ संपताना १ पेसोला सुमारे २.३२ रेआल मिळत. जून २००२ अखेर डॉलर अर्जेंटिनात ३.८० ला आणि ब्राझीलमध्ये २.८४ ला होता, म्हणजे पेसो पाऊण रेआलवर आला. मधल्या काळात अर्जेंटिनातला चलनबाजार बंद होता. त्या दिवसांत, डिसेंबर २००१ च्या अखेरीपासून ११ जानेवारीपर्यंत, काही तक्त्यांत १.०० तसाच पुढे ओढलेला असतो. त्या दराने व्यवहार होत नव्हता, ती जागा मोकळी सोडा.

प्रश्न : ऑक्टोबर २०२० साठी एक लेख रेआलला १४ पेसो म्हणतो, दुसरा ३५. एवढा फरक कसा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिला सरकारी दर, दुसरा रस्त्यावरचा. २३ ऑक्टोबर २०२० ला अर्जेंटिनात सरकारी डॉलर सुमारे ७८ पेसो होता आणि समांतर बाजारातला, ज्याला तिथे 'ब्लू' म्हणतात, १९५. ब्राझीलमध्ये डॉलर ५.६ च्या आसपास. भागून पाहा, दोन्ही आकडे मिळतील.

डॉलर खरेदीवर निर्बंध होते ते काळ लक्षात ठेवा : २०११ अखेर ते डिसेंबर २०१५, आणि सप्टेंबर २०१९ ते एप्रिल २०२५ (व्यक्तींसाठी). या वर्षांत आयात-निर्यातीचा हिशेब असेल तर सरकारी दर घ्या. पर्यटकाच्या किंवा सीमेवरच्या दुकानदाराच्या खिशाचा असेल तर ब्लू. दोन्ही एका रेघेत मिसळू नका. १३ डिसेंबर २०२३ ला सरकारी डॉलर साधारण ३६६ वरून ८०० पेसोंवर नेला आणि रेआल एका रात्रीत ७४ वरून १६० च्या पुढे गेला. ब्राझीलमध्ये त्या रात्री काहीच घडलं नव्हतं.

प्रश्न : थेट पेसो-रेआल दर कुठेच मिळत नाही का? आणि महिन्याची सरासरी कशी काढायची?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ऑक्टोबर २००८ पासून मिळतो. दोन्ही देशांतला व्यापार आपापल्या चलनात चुकता करण्याची व्यवस्था तेव्हा सुरू झाली आणि त्यासाठीचा दर दोन्ही मध्यवर्ती बँका जाहीर करतात. पण तोही दोन डॉलर दरांच्या भागाकारातूनच येतो.

सरासरीसाठी आधी रोजचा दर काढा, मग सरासरी. उलट केलंत तर उत्तर बदलतं. वरचे जानेवारी १९९९ चे दोन आकडे घ्या : १.२१ आणि १.९८ यांची सरासरी १.५९५, त्यावरून एका रेआलचे ०.६३ पेसो. दोन दिवसांचे दर वेगळे काढले तर ०.८३ आणि ०.५१, सरासरी ०.६७. ९ जुलैला अर्जेंटिना बंद, ७ सप्टेंबरला ब्राझील. अशा दिवशी आदल्या दिवसाचा दर घ्या किंवा दिवस वगळा, पण सगळीकडे एकच नियम लावा आणि तो तळटीपेत लिहा. फाइल उतरवून घेतल्यावर आधी दशांश तपासा : दोन्ही देश दशांशाला स्वल्पविराम आणि हजारांना टिंब देतात, त्यामुळे आपल्याकडच्या एक्सेलमध्ये ५,६१२० चे छप्पन हजार होतात.