ट्रम्पेटचा माउथपीस पडून चेपलाय, दुरुस्त करावा की नवीन घ्यावा?

तुमच्या प्रश्नात दुकानदाराचं ते वाक्य आहे ना, 'कुठलाही घ्या, सगळे सारखेच', ते वाचून डोकं फिरलं, नाहीतर मी इथे सहसा लिहीत नाही. मुलाचा माउथपीस फरशीवर पडला, शँकचं, म्हणजे ट्रम्पेटमध्ये शिरणाऱ्या निमुळत्या दांडीचं टोक चेपलं, रिमला, म्हणजे ओठ टेकतात त्या कडेला खाच पडली, आता काय करू असं तुम्ही विचारलंय. शँकचं काम होतं, बिनधास्त करून घ्या. रिमचं नंतर सांगतो.

मी सांगली भागात लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, बरीच वर्षं झाली. आमच्या आधीच्या मालकांचंही हेच म्हणणं, छातीत दम असला की झालं, पितळेच्या तुकड्यात काय असतंय. माझा माउथपीस बाक कंपनीचा ७सी नंबरचा, चांदीचा मुलामा असलेला, मुंबईला धोबीतलावच्या फुर्टाडोसमधून स्वतःच्या पैशाने आणलेला. ऐन सीझनमध्ये एका वरातीत कुठल्यातरी पोराने गंमत म्हणून त्यावर तळहात हाणला आणि तो रिसिव्हरमध्ये, म्हणजे ट्रम्पेटच्या ज्या तोंडात तो बसतो त्यात, असा रुतला की हलेना. याला पुलर म्हणून साधं हत्यार येतं, स्क्रू फिरवत गेलं की माउथपीस सरळ बाहेर येतो, कशाला धक्का लागत नाही. मी म्हटलं दोन दिवस थांबा, पुलर मागवतो. आता मिरज एवढं वाद्यांचं गाव, पण ते सतार-तंबोऱ्याचं, पितळी वाद्य म्हटलं की आमच्याकडे जो तो मेरठकडे बोट दाखवतो, त्यामुळे जवळपास कुणाकडे ते हत्यार नव्हतं. मालक थांबले नाहीत. ट्रम्पेट पंप दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्याने व्हाइसमध्ये धरून पाईप पान्याने पिळला. माउथपीस निघाला, पण लीडपाइपच्या, म्हणजे माउथपीसला लागून असलेल्या नळीच्या आधाराचा डाग (झाळ) सुटला आणि शँक लंबगोल झाली. वर डाग देण्याचे पैसे माझ्या हिशोबातून कापले! मग पेटीतला एक जुना मेरठचा माउथपीस काढून हातात दिला, घे वाजव.

मेरठच्या मालाला मी नावं ठेवत नाही. तिथल्या जाळी कोठी भागातून देशभरातल्या बँडवाल्यांना बाजे जातात, आमचेही तिथलेच. पण त्या माउथपीसचा मुलामा पार गेलेला, आतलं पितळ हिरवं पडलेलं आणि शँक रिसिव्हरमध्ये डुलत होती. शँक जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर आत जाते, तेवढ्यात टेपर, म्हणजे निमुळतेपणा जुळला नाही की हवा गळते, सूर डळमळतो, वरच्या पट्टीत तर ओठ फाटायची वेळ येते. लेथवर सहज कापलं जावं म्हणून माउथपीसच्या पितळेत बहुतेक वेळा थोडं शिसं घातलेलं असतं, मुलामा शाबूत आहे तोवर ठीक, नागडं पितळ तासन्‌तास ओठाला लावायचं नसतं. माझा वरचा ओठ सुजला, खाली पुरळ उठलं, तरी सुपारी घेतलेली म्हणून सीझन काढला.

सीझन संपल्यावर माझा ७सी मी नीट करून घेतला. एमआयडीसीतल्या लेथवाल्या मित्राने चांगल्या माउथपीसचं माप घेऊन स्टीलची निमुळती पिन काढून दिली. ती शँकच्या तोंडात हलकी बसवायची, बाहेरून लाकडी हातोडीने टिचक्या मारायच्या, थोडं फिरवायचं, परत मारायच्या. पिनच ठोकून आत घालायची नाही, तोंड फाकतं. नंतर हुपरीला एका चांदीवाल्याकडून मुलामा चढवून घेतला. नवीनपेक्षा कितीतरी कमी पैशात झालं आणि आज तोच वाजवतोय, दुसऱ्या बँडमध्ये. जुने मालक भेटले की अजून म्हणतात, त्या तुकड्यापायी तू आमचा बँड सोडलास. हो, सोडला. गणवेशाच्या झालरीला पैसे आहेत, घोड्याच्या झुलीला आहेत, आणि ज्याच्या ओठावर वरात चालते त्याच्या माउथपीसला नाहीत, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

तर रिम. नखाला खाच लागत असेल तर तो मुलाच्या तोंडाला लावूच नका. भांड्यांच्या बफवर घासून देतो म्हणणाऱ्याकडे तर मुळीच देऊ नका, खाच जाते पण रिमची गोलाई बदलते आणि ओठाला ते लगेच कळतं. बाकच्या ७सीची रिम आतून साधारण १६.२ मिलिमीटर रुंद, १½सीची १७, म्हणजे मिलिमीटरपेक्षा कमी फरक, तरी वाजवणाऱ्याला तो वेगळा माउथपीस आहे. घ्याल तर जुन्यावर कोरलेला नंबरच घ्या. बाकमध्ये आकडा लहान तशी रिम मोठी, यामाहात उलटं, दुकानदाराने गोंधळ करू नये म्हणून सांगतोय. कॉर्नेटची शँक बारीक असते, ती ट्रम्पेटला चालत नाही, तीही गळ्यात मारतात.

आणि हो, शँकला चीर गेली असेल तर वर लिहिलेलं सगळं सोडा, नवीनच घ्या. मुलगा नुकताच शिकायला लागला असेल तरी नवीनच परवडेल, माझ्यासारखा हट्ट धरायची गरज नाही. फक्त ट्रम्पेट सोबत न्या आणि लावून, वाजवून बघा, दुकानदार बघू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.